विहिणीच्या स्वयंपाकाला सहा नावं

लिंबागणेश, जि. बीड
२८ नोव्हेंबर २०१५

चि. उत्तरेश्वर यास आजीचा आशीर्वाद.

मांजरसुंब्याला उतरले, तिथून जीपनं घरी पोचले. हाडं जागच्या जागी हायेत. तू फोन करत बसू नको. फोनात तुझा आवाज मला भुंग्यासारखा येतो, आणि भुंग्याला काय उत्तर द्यायचं? जे सांगायचं ते कागदावर सांगते. कागद शेजारचा बद्रीनाथ लिहितोय. तीस वर्षं गावच्या पीककर्जाच्या सोसायटीचा सचिव होता, रिटायर झाला तरी हाताची खाज गेली न्हाई. मी बोलते, तो लिहितो. मधी मधी नाक मुरडतो, ते लिहीत न्हाई.

यष्टीत बसवताना तू विचारलंस, "आजी, कशी वाटली माणसं?" मी "बघू" म्हणले, तर तुझं तोंड एवढंसं झालं. बाळा, मुलीकडच्यांच्या गावात उभं राहून "चांगली" म्हणायची आपल्यात रीत न्हाई. आता घरी आले, आता सांगते.

तुझा बाप आश्रुबा आणि तुझी माय गीता कर्नाटकात ऊस तोडायला गेलेत. आपल्याकडं कारखान्याची चिमणी ह्या साली पेटलीच न्हाई, म्हणून लांबची टोळी धरली. पाडव्याशिवाय येत न्हाईत. मग पोरगी बघायचं काम ह्या म्हातारीच्या गळ्यात. आजवर सतरा पोरी बघितल्या, सतरा ठिकाणी पोहे. हाटेलात जाऊन पोरगी बघणारी बीड जिल्ह्यातली मीच पहिली असंन. तू म्हणलास "थाई हाटेल", मला वाटलं काचेचा महाल असंल. बघते तर हडपसरच्या बोळात, दवाखाना आणि पिठाच्या गिरणीच्या मधी, पाच टेबलं! माणसं मूळची थायलंडची, पोरगी हितल्याच शाळेत शिकलेली. वरच्या मजल्यावर राहायचं, खाली रांधायचं. माय चुलीपाशी, बाप वाढायला, आणि पोरगी आपिसातून आली की पदर खोचावा तसे केस बांधून टेबलं पुसायला. तिघंही एकमेकांवर ओरडत न्हाईत. मी कान लावून ऐकलं, मला कमी ऐकू येतं म्हणून म्हणते असं न्हाई.

आल्या आल्या तिघांनी हात जोडले, अगदी आपल्यासारखे. मायचं नाव सोमश्री, बापाचं विचाई, पोरीचं रतना. कोपऱ्यात त्यांच्या देवाचं घर, देवापुढं लाल शरबत, त्यात नळी. देवाला नळी देणारी माणसं मी पहिल्यांदा बघितली. देव आपल्यातला असता तर म्हणला असता, एवढी वर्षं कावून सुचलं न्हाई?

आता जेवणाचं. तुला ठाऊक हाय, मी ताटात काही ठेवत न्हाई. बहात्तरच्या दुष्काळात रेशनची लाल मिलो ज्वारी खाल्लेली बाई ताट पुसूनच देते. मी वाटी रिकामी केली की ती माउली दुसरी आणायची. मला वाटलं आग्रह चाललाय, आग्रह मोडला तर सोयरीक मोडंल. खाल्लं. पुन्हा आणलं. पुन्हा खाल्लं. सातव्या वाटीला रतना माझ्या कानाशी मोठ्यानं म्हणली, "आजी, आमच्यात थोडं ताटात ठेवलं की पोट भरलं असं समजतात. आई घाबरलीय, तिला वाटतं तुम्ही अजून उपाशीच आहात!" मी एक घास ठेवला. सगळ्या घराचा जीव भांड्यात पडला.

उत्तऱ्या, असं जेवण मी जन्मात जेवले न्हाई. पण हे तुला सांगते, त्यांना बोलू नको. विहीण पहिल्यांदा जेवू घालते तेव्हा तिच्या जेवणाला नावं ठेवावीच लागतात. न्हाई ठेवली तर तिला वाटायचं, ह्यांना सोयरीक नको, म्हणून गोड बोलून निघून गेले. खरं तर हा मान तुझ्या मायचा. ती उसात, म्हणून मीच उरकते. दोन दिवसांत सोमश्रीबाईला झणझणीत पत्र धाडते. तू फक्त तिचं तोंड बघून ठेव, हसून हसून कसं होतं ते मला कळव.

तुझी आजी
सुभद्राबाई (अंगठा)

*

लिंबागणेश, जि. बीड
२ डिसेंबर २०१५

प्रति,
श्रीमती सोमश्रीबाई, थाई भोजनालय, हडपसर, पुणे

विषय : दि. २७ नोव्हेंबर रोजीच्या भोजनातील त्रुटींबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदार हिने दि. २७ रोजी आपल्याकडे भोजन केले असता खालील बाबी निदर्शनास आल्या. (१) पपई पिकण्याची वाट न पाहता कच्चीच कुटून वाढण्यात आली. (२) मासोळीचे डोके काढलेले नव्हते व सदर मासोळी भोजन संपेपर्यंत अर्जदाराकडे पाहत होती. (३) रश्शातील गवती चहाच्या काड्या काढण्याचे राहून गेले. (४) भात चिकट झालेला होता. (५) मोसम नसतानाही आणलेला आंबा हा फळ म्हणून न देता भातासोबत देण्यात आला. (६) स्वयंपाक करणारी व्यक्ती प्रत्येक पदार्थ आधी स्वतः चाखते व नंतर वाढते, हे अत्यंत गंभीर आहे.

सबब वरील सहा बाबींचा लेखी खुलासा आठ दिवसांत करावा. खुलासा समाधानकारक नसल्यास सोयरिकीबाबत विचार करता येणार नाही, याची नोंद घ्यावी.

आपली विश्वासू,
सुभद्राबाई (निशाणी अंगठा)
लिहिणार : बद्रीनाथ, माजी सचिव

*

हडपसर, पुणे
१४ डिसेंबर २०१५

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

आजी, हे काय करून ठेवलंस?

रतनाने पाकीट फोडलं तेव्हा मी तिथंच जेवत होतो. तिनं "विषय" असं वाचलं आणि मी ताट बाजूला सारलं. एकेक बाब तिनं आईला त्यांच्या भाषेत सांगितली. सहावी बाब ऐकल्यावर सोमश्रीकाकूंनी हातातला चमचा धुतला, पुसला आणि वरच्या फळीवर ठेवून दिला.

त्यानंतर तीन दिवस त्यांनी न चाखता स्वयंपाक केला. शेजारच्या दवाखान्यातले डॉक्टर रोज येतात, त्यांनी अर्धं ताट तसंच ठेवलं. मासा बंद केला, पपई बंद केली. विचाईकाका वाढायचं सोडून नुसते दारात उभे. चौथ्या दिवशी काकूंनी मला एक कागद दाखवला. सहा बाबींचा खुलासा होता, रतनाकडून लिहून घेतलेला. "पपई आमच्याकडे कच्चीच असते, माफ करा. मासोळीचं डोकं मोठ्या पाहुण्यांना मान म्हणून ठेवतात, माफ करा." असा सगळा. मी वाचून होईपर्यंत त्यांनी तो काढून घेतला आणि फाडला. रतनाला म्हणाल्या, "जिथं तुझ्या आईच्या जेवणाचा खुलासा मागतात, तिथं तू रांधायला जाणार? मी देणार नाही."

मी समजावलं, की आमच्याकडे विहिणींची अशी थट्टा चालते, आजी हसत हसत बोलली असणार. त्यांनी पत्र माझ्यापुढं ठेवलं. म्हणाल्या, "यात हसू कुठं आहे ते दाखव."

आजी, मी ते पत्र तीनदा वाचलं. मला दाखवता आलं नाही.

रतना दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. तुला जे करायचं ते लवकर कर.

तुझा
उत्तरेश्वर

*

लिंबागणेश, जि. बीड
२० डिसेंबर २०१५

सोमश्रीबाई,

हे पत्रही बद्रीनाथच लिहितोय, पण आज त्याच्या हातावर गणपतीचा अंगारा लावून शपथ घातलीय, की मी बोलंन तेच लिही. उत्तरेश्वरचा कागद वाचून दाखवल्यावर मी त्याला विचारलं, "का रे बद्रीनाथ, मी सांगताना पोट धरून हसत होते. ते हसू कुठं गेलं?"

तो म्हणला, "काकू, घरचं पत्र वेगळं, बाहेरचं वेगळं. बाहेरच्या पत्राला नमुना असतो. नमुन्यात हसण्याला रकाना न्हाई."

"आणि 'अत्यंत गंभीर' मी कधी म्हणले?"

"तुमी डोळे मोठे केले होते. त्याला दुसरा शब्द मला येत न्हाई."

"मग मला वाचून कावून दाखवलं न्हाईस?"

"दाखवलं की! तुमी म्हणलात, वा, कलेक्टरच्या पत्रासारखं वाटतं."

खरं हाय. म्हणले होते. म्हणजे निम्मा गुन्हा माझा. निम्मा बद्रीनाथचा, पण तो जन्मभर सोसायटीच्या सभासदांना नोटिसा लिहीत आला, त्याला सोयरिकीचं पत्र कुठून येणार? बायकोलाही हा "उपरोक्त" म्हणत असंल. (हे त्यानं लिहिलं. शपथ पाळतोय.)

आमच्यात विहिणीच्या हातचं जेवून "छान झालं" म्हणणं म्हणजे परक्यासारखं बोलणं. जवळच्या माणसाला नावं ठेवायची. तोंडावर वाखाणलं तर नजर लागते, आणि माणूस शेफारतं ते निराळंच. मी त्र्याहत्तर वर्षांची हाय आणि आजवर कुणाला तोंडावर चांगलं म्हणलेलं न्हाई. माझी जीभ ह्या कामाला वळत न्हाई. वळवून बघते.

पपई. तुमी उखळात कुटत होता ते मी खिडकीतून बघत होते. मिरची किती, लिंबू किती, शेंगदाणा किती, एकदाही मोजलं न्हाई. आमी ठेचा कुटतो म्हणजे जाळ करतो. तुमच्यातही जाळ होता, आंबट होतं, गोड होतं, खारट होतं, आणि कुणी कुणाच्या अंगावर जात न्हवतं. आमच्या भावकीला असं एका ताटात राहता आलं असतं तर बांध कोरायची वेळ आली नसती.

मासोळी. सिंदफणा नदीची मासोळी मी माजलगावला लई खाल्ली. कालवणात खाल्ली, म्हणजे मसालाच खाल्ला म्हणायचा. तुमची नुसती वाफवलेली, वर लिंबू आणि लसूण. मासोळीला सवताची चव असते हे मला तिथं कळलं. ती माझ्याकडं बघत होती ते खरं. पण मीच तिच्याकडं जास्ती बघत होते, आता संपणार म्हणून.

गवती चहाच्या काड्या मी चावून चोथा केला, कुणाचं लक्ष न्हाई असं बघून. भात चिकट होता म्हणून बोटानं उचलता आला, न्हाईतर त्या काटा-चमच्यानं मी दिवसभर भात टोचत बसले असते. आंबा आणि नारळाचं दूध घातलेला भात एकत्र खाल्ला, आणि गप बसले. माझ्या नातवाला विचारा, मी गप बसले म्हणजे काय असतं.

आता चाखणं. आमच्यात देवाला निवद दाखवायचा म्हणून चाखत न्हाईत. तुमी दर वाटी डोळे मिटून चाखत होता. एकदा भरलेली वाटी परत भांड्यात ओतलीत, वर काहीतरी पिळलंत, पुन्हा चाखलंत, मग माझ्यापुढं ठेवलीत. सोमश्रीबाई, माझ्यासाठी आजवर कुणी वाटी परत ओतलेली न्हाई. दुष्काळातल्या बाईला काय, पोट भरलं म्हणजे झालं. पोट भरणं मला चांगलं ठाऊक हाय. जेवण ही निराळी गोष्ट असते हे मला तुमच्या टेबलावर कळलं.

तो चमचा फळीवरून काढा. पोरगी द्या न द्या, तुमची मर्जी. पण डॉक्टरला उपाशी ठेवू नका.

सुभद्राबाई (अंगठा)

*

हडपसर, पुणे
३ जानेवारी २०१६

आदरणीय आजी,

आई बोलते, मी लिहिते. माझे मराठी शाळेतले आहे, चुकले तर माफ करा. — रतना.

सुभद्राबाई, तुमचे पत्र रतनाने मला दोनदा सांगितले. मी चमचा काढला आहे. डॉक्टर पुन्हा जेवतात. मासा पुन्हा सुरू केला. तुम्ही काड्या चावल्या हे माझ्या नवऱ्याने पाहिले होते, पण तो बोलला नाही. तो चांगला माणूस आहे.

मी लहान होते त्या गावात, बाळ सुंदर असले की म्हाताऱ्या बायका म्हणत, किती कुरूप आहे. भूत ऐकेल आणि बाळाला सोडून जाईल, म्हणून. त्यामुळे तुमची रीत मला समजली. मला आता राग नाही.

पण बाळाला भाषा कळत नाही. मोठ्या बाईला कळते.

तुम्ही मला खरे लिहिले, कारण लग्न मोडत होते. मी दूर राहते, मला पत्र लिहावे लागते. रतना घरची होईल. पुण्यात राहिली तरी सणाला तुमच्या चुलीपाशी बसेल. ती रांधेल आणि तुम्ही नावे ठेवाल. तेव्हा तिला खरे कोण लिहील?

तुमच्या घरात आधीच एक सून आहे, गीताबाई. उत्तरेश्वर सांगतो, ती पंचवीस वर्षे तुमच्यासाठी रांधते. तिला विचारा. तुम्ही नावे ठेवता तेव्हा तिला हसू ऐकू येते का? तिने मला सरळ उत्तर पाठवावे. मध्ये तुम्ही वाचू नका. ती जे म्हणेल त्यावर मी ठरवेन.

सोमश्री

(आजी, मी आईला म्हटले की ही अट फार कठीण आहे. ती म्हणाली, म्हणूनच. — र.)

*

लिंबागणेश, जि. बीड
१० जानेवारी २०१६

सौ. गीतास,
मारफत त्रिंबक मुकादम, ऊसतोड टोळी

पत्र बघून घाबरू नको. कुणी मेलेलं न्हाई. म्हैस छावणीत हाय, चारा मिळतो. टँकर दोन दिवसांआड येतो.

तुझ्या पोराच्या सोयरिकीचं तुला ठाऊक हाय. मधी माझ्या तोंडानं आणि बद्रीनाथच्या लेखणीनं घोळ झाला. पोरीची माय सोमश्रीबाई म्हणते, सुनेला विचारा, सासूनं नावं ठेवली की तिला त्यातलं हसू ऐकू येतं का. तुझ्या उत्तरावर उत्तरेश्वरचं लग्न हाय.

तुझ्या टोळीतली वत्सला बारावी शिकलीय, तिच्याकडून लिहून घे आणि सरळ पुण्याला धाड. पत्ता खाली दिलाय. मला धाडू नको. मी वाचणार न्हाई, म्हणजे वाचून घेणार न्हाई.

खरं असंल ते लिही. घरी आल्यावर मी एक शब्द बोलणार न्हाई. (बद्रीनाथ म्हणतो, हे लिहून दिलं की बंधनकारक होतं. होऊ दे.) पोराचं लग्न व्हावं म्हणून गोडही लिहू नको. ती बाई चाखून बघणारी हाय, तिला लगेच कळंल.

हे सांगताना मी हसत न्हाई.

सुभद्राबाई (अंगठा)

*

ऊसतोड अड्डा, कर्नाटक
२९ जानेवारी २०१६

सोमश्रीताईंना गीताचा नमस्कार.

मला लिहिता येत न्हाई, वत्सला लिहिते. उत्तर द्यायला उशीर झाला. पंधरा दिवस उसाचा फड लांब होता, आणि खरं सांगायचं तर, काय लिहावं हे रोज ऊस तोडताना ठरवायचे आणि मोळी बांधताना मोडायचे.

तुमी विचारलं, मला हसू ऐकू आलं का. पहिली दहा वर्षं न्हाई आलं.

लग्नाच्या दुसऱ्या साली पाऊस उशिरा आला. घरात भाजी न्हवती. पहिल्या शिंतोड्यावर बांधाला तरोटा उगवला होता, रानात आपोआप येतो तो पाला. मी कोवळा बघून खुडला, लसूण-मिरची घालून भाजी केली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जेवल्या आणि म्हणल्या, "बैलाला विचार, त्याला चालती का." सगळे हसले. मी चुलीत फुंकर घालायचं सोंग केलं आणि रडले. तेव्हापासून तरोट्याची भाजी मी केली न्हाई. माझी सासू मारणारी न्हाई, उपाशी ठेवणारी न्हाई. उत्तरेश्वरच्या बाळंतपणात त्यांनी माझे पाय दाबले. पण मी रांधलेलं त्यांना गोड लागत न्हाई, असं मी दहा वर्षं धरून चालले. वाढताना माझा हात आखडायचा.

मग दोन हजार सालचा दुष्काळ. टँकरपाशी बायांची रांग होती. मी मागं, आत्याबाई पुढं. मी मागं हाय हे त्यांना ठाऊक न्हवतं. छबुबाई म्हणून एक म्हातारी हाय गावात, ती तिच्या सुनेची तक्रार करत होती. आत्याबाई तिला म्हणल्या, "माझ्या गीताच्या हातचं एकदा जेवून जा. मग तुझ्या सुनेला तू कायमची माहेरी धाडशील."

मी घागर घेऊन तशीच उभी राहिले. माझा नंबर आला ते मला कळलं न्हाई. मागची बाई पुढं गेली. त्या दिवशी आमच्या घरी एक घागर पाणी कमी आलं आणि त्यावरूनही आत्याबाई मला बोलल्या. मला तेव्हा हसू ऐकू आलं. तेव्हापासून रोज येतं.

म्हणून सांगते, पोरगी द्या. अशा मनाचं माणूस तिला दुसऱ्या घरी मिळणार न्हाई. पण दहा वर्षं लई असतात, ताई. मला जे पाण्याच्या रांगेत चोरून ऐकावं लागलं, ते तुमच्या पोरीला घरात बसून ऐकायला मिळावं, एवढं आत्याबाईंकडून कबूल करून घ्या. मी त्यांची सून हाय, मला सांगता येत न्हाई. तुमी विहीण हाय.

गीता

*

हडपसर, पुणे
९ फेब्रुवारी २०१६

सुभद्राबाई,

रतना तुमची.

लग्न टोळी परत आल्यावर, पाडव्यानंतर करू. तुमच्याकडे पाणी नाही, म्हणून जेवण इथे. पाच टेबले आहेत, बाकी माणसे गिरणीच्या ओट्यावर बसतील, गिरणीवाल्याला विचारले आहे.

गीताबाईंचे पत्र सोबत पाठवते. मी तुम्हाला मध्ये वाचू नका म्हटले होते. आता नंतर आहे. तिने मला एक गोष्ट कबूल करून घ्या म्हटले आहे. मी करून घेत नाही. तुम्ही पत्र ऐका, तेवढे पुरे.

सोमश्री

*

लिंबागणेश, जि. बीड
१५ फेब्रुवारी २०१६

गीता,

पोराचं लग्न ठरलं. तुझ्यामुळं ठरलं.

तू सोमश्रीबाईला धाडलेलं पत्र तिनं मला धाडलं. बद्रीनाथनं वाचून दाखवलं. वाचता वाचता टँकरच्या गोष्टीपाशी आला तेव्हा त्याचा चष्मा धुकट झाला, मग मी म्हणले, सावकाश वाच, सोसायटीची नोटीस न्हाई. दुसऱ्यांदा मीच वाचायला लावलं. तिसऱ्यांदा तरोट्यापासून पुढचं.

घरी आल्यावर एक शब्द बोलणार न्हाई असं मी लिहून दिलंय. म्हणून घरी यायच्या आधीच बोलते. मी ठणठणीत हाय. सासू चांगलं बोलाया लागली म्हणजे मरायला टेकली, असं समजून फड टाकून पळत येऊ नको. वत्सलाला सांग, हे पुढचं मोठ्यानं वाच. टोळीतल्या सगळ्या बाया जवळ बोलाव. त्रिंबक मुकादमालाही उभा कर.

तरोट्याच्या त्या दिवशी मी भाजी तीन वेळा हातानं वाढून घेतली होती. तू चुलीकडं तोंड करून बसली होतीस, तुला दिसलं न्हाई, आणि मी सांगितलं न्हाई. पुढं दर साली पाऊस पडला की मी बांधाकडं बघायचे, तरोटा आला का. आलेला असायचा. तू करायची न्हाईस. मला वाटायचं, कंटाळा करते. कावून करत न्हाईस हे विचारायचं मला पंचवीस वर्षांत सुचलं न्हाई.

बैलाला विचारायची काही गरज न्हवती.

भाजी लई चांगली झाली होती, गीता.

सुभद्राबाई (अंगठा)